दीक्षित की दिवेकर, की नुसता साडेपाचचा डबा?

वजन उतरलेलं लोकांच्या लक्षात आलं की पहिला प्रश्न ठरलेला, "दीक्षित की दिवेकर?" काही वर्षांपूर्वी आपल्याकडे घराघरात हे दोन पक्षच पडले होते ना, एकीकडे डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं दिवसातून दोनदाच जेवा, ५५ मिनिटांत उरका आणि मधे काही तोंडात टाकू नका, आणि दुसरीकडे आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांचं थोडं थोडं दर दोन तासांनी खा, तूप खा, आजी खायची ते खा. आमच्या फॅमिली ग्रुपवर तर यावरून दोन मामांचं चांगलंच वाजलं होतं, आणि गंमत म्हणजे दोघांचंही पोट आजतागायत जसंच्या तसं आहे.

माझं उत्तर कोणालाच आवडत नाही. मी संध्याकाळी साडेपाचला ऑफिसात एक छोटा डबा खाते. बास. म्हणजे बाकीही बरंच काही बदललं, ते खाली लिहितेच, पण सुरुवात तिथून झाली आणि अजूनही मला कोणी एकच गोष्ट सांग म्हणालं तर मी हीच सांगते. समोरच्याचा चेहरा पडतो, कारण त्याला चार्ट हवा असतो. सकाळी उठून कोमट पाणी, जिरं, बडीशेप, सहा बदाम वगैरे. छोटा डबा हे काही सांगण्यासारखं वाटत नाही.

माझं दहाएक किलो कमी झालं, त्याला दीड वर्ष तरी लागलं, आणि त्यानंतर तीनेक वर्षं ते दोन किलो इकडेतिकडे करत टिकून आहे. दीड वर्ष म्हणजे अगदीच रटाळ वेग आहे हे मला मान्य आहे, महिन्याला किलोसुद्धा नाही. सोसायटीत एकीने "महिन्यात आठ किलो"वालं पॅकेज घेतलं होतं तिच्यापुढे तर मी कासवच. पण या झटपट कमी होण्याबद्दल एक अभ्यास मी वाचला आणि तेव्हापासून मला त्या पॅकेजांची भीतीच बसलीये. अमेरिकेत 'बिगेस्ट लूजर' नावाचा टीव्ही शो होता, त्यात लठ्ठ लोकांना काही महिने प्रचंड व्यायाम आणि अगदी कमी खाणं यावर ठेवून वजन उतरवायचे. त्यातल्या १४ जणांना संशोधकांनी सहा वर्षांनी परत तपासलं, तो अभ्यास २०१६ मध्ये आला. बहुतेकांचं वजन बरंचसं परत वाढलं होतं, तेही एक वेळ ठीक, पण त्यांचं शरीर बसल्याजागी जेवढी ऊर्जा जाळायला हवं त्यापेक्षा दिवसाला जवळजवळ ५०० कॅलरी कमी जाळत होतं. सहा वर्षांनी! म्हणजे शरीराने दुष्काळ पडला असं समजून हात आखडता घेतला तो घेतलाच. त्याच्या आधी २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात दिसलं होतं की वजन उतरवल्यावर भूक वाढवणारी हार्मोन्स वर जातात आणि पोट भरल्याचं सांगणारी खाली, आणि वर्ष उलटलं तरी ती पूर्ववत होत नाहीत. तेव्हा ज्याचं वजन परत वाढलं त्याला "तुझ्यात विलपॉवरच नाही" म्हणणाऱ्यांनी जरा गप्प बसावं असं माझं मत आहे.

मग टिकवणारे काय करतात? अमेरिकेतच १९९४ पासून अशा लोकांची एक नोंदवही चालू आहे, ज्यांनी किमान १३.६ किलो उतरवून वर्षभर तरी टिकवलंय त्यांची. त्यात डाएट म्हणाल तर प्रत्येकाचं वेगळं. सारखं काय आहे तर बहुतेक जण सकाळी नाष्टा करतात, आठवड्यातून एकदा तरी काट्यावर उभे राहतात, टीव्ही कमी बघतात आणि रोज तासभर तरी चालणं किंवा काहीतरी हालचाल करतात. अर्थात ही टिकवणाऱ्यांचीच यादी, ज्यांचं परत वाढलं त्यांना कोण विचारतंय, त्यामुळे तेच केलं की वजन टिकेलच असं नाही. पण तिसऱ्या आठवड्यात सोडून द्यावंसं वाटेल असं काहीही त्यात नाहीये हे मला फार आवडलं.

तर आता आमच्या घराकडे येऊ. ऑफिस विक्रोळीला, घर डोंबिवलीत. दुपारी एकला डबा, त्यात दोन पोळ्या आणि भाजी, भाजी म्हणजे कधी बटाटा कधी फ्लॉवर कधी दोडका. चारला चहा आणि त्याबरोबर जे काय कोणी आणलं असेल ते, वाढदिवस असला तर केक नाहीतर खारी नाहीतर बिस्किटं. सव्वासहाला निघायचं, लोकल, मग डोंबिवलीला उतरेपर्यंत साडेसात, आणि पोटात आगडोंब. स्टेशनबाहेर वडे तळत असतात, तो वास तुम्हाला माहितीये, त्या वासापुढे भले भले झुकतात. वडापाव साधारण ३०० कॅलरीचा पकडा. तो नाही खाल्ला तर घरी येऊन पर्स खाली ठेवायच्या आधी चिवड्याचा डबा उघडायचा, मग कुकर लावता लावता मूठभर दाणे, मग पोळ्या लाटताना पहिली गरम पोळी तूप-मीठ लावून गुंडाळून उभ्या उभ्या, आणि हे सगळं झाल्यावर साडेनऊला सगळ्यांबरोबर बसून व्यवस्थित जेवायचंच, कारण आधीचं सगळं "खाल्लंच नव्हतं" ना. उभ्याने खाल्लेलं कोणी मोजतच नाही.

म्हणजे सकाळी पोहे एक वाटी खाल्ले की दीड याचा विचार करत बसण्यात काही अर्थच नव्हता, गळती सगळी संध्याकाळी सहा ते नऊच्या मधे होती. आणि हे फक्त माझं नाही, मी लेडीज डब्यात बघते ना, कल्याण-डोंबिवलीच्या बायका सकाळी पाच-साडेपाचला उठलेल्या, दुपारचा डबा अर्धा कोणाला तरी दिलेला, आणि परतताना ट्रेनमध्ये मांडीवर प्लास्टिकची पिशवी पसरून मेथी निवडतायत, मटार सोलतायत, कारण घरी गेल्या गेल्या स्वयंपाकालाच लागायचंय, आणि बोलणं काय तर "डोकं दुखतंय गं भुकेने". आणि याच बायका सकाळी "मी आजपासून रात्रीचं जेवण बंद केलंय" म्हणत असतात.

दुपारच्या डब्याचा हिशोब मी एकदा नीट मांडला. दोन पोळ्या म्हणजे ७० ग्रॅमच्या आसपास कणीक, त्यातून सातआठ ग्रॅम प्रोटीन, भाजीतून दोनेक ग्रॅम, म्हणजे जेमतेम दहा. आपल्या आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या हिशोबाने किलोमागे ०.८३ ग्रॅम लागतं, ६० किलोच्या बाईला दिवसाला ५० ग्रॅम. मग पोळी-भाजीवर चार वाजता भूक लागणार नाही तर काय होणार. आता डब्यात पोळ्या दोनच आहेत, पण भाजीच्या जोडीला वाटीभर उसळ नाहीतर घट्ट वरण असतं, आठवड्यातून दोनदा अंडाकरी. आणि साडेपाचचा दुसरा छोटा डबा, त्यात उकडलेली मटकी नाहीतर दोन अंडी नाहीतर फुटाणे आणि काकडी, दीडशे-दोनशे कॅलरीच्या वर जात नाही. तो डबा खाल्ला की स्टेशनबाहेरचा वास येतो पण पाय थांबत नाहीत. रोज नाही थांबत असं म्हणत नाहीये हां मी. पावसात लोकल अडकून तास-दीड तास उभं राहून आलं की मी वडापाव खाते, आणि मस्त खाते, आणि रात्री ताक-भात.

या एका डब्याचा परिणाम असा की घरी आल्यावर हातातलं काम शांतपणे होतं, जेवण साडेनऊवरून साडेआठला आलं, आणि रात्री मुलाच्या ताटातलं उरलेलं खायची वेळ येत नाही कारण भूकच नसते.

ताटातलं उरलेलं हा तर स्वतंत्र विषय आहे. मराठी घरातल्या बाईच्या वजनाला पोळीपेक्षा "एवढंसं राहिलंय, संपवून टाक" हे जास्त कारण आहे असं माझं ठाम मत झालंय. चार चमचे भाजी, अर्धी पोळी, पातेल्याच्या तळाचा भात, वाटीभर आमटी, हे कोणी संपवायचं? पुरुष हात धुवून उठलेले असतात. आणि टाकायचं म्हटलं की लहानपणापासून ऐकलेलं अन्न हे पूर्णब्रह्म आठवतं, ते बरोबरच आहे, टाकायचं नाहीच. मग एकच उपाय, मुळात कमी शिजवायचं. यावरून आमच्याकडे सासूबाईंशी थोडं झालं.

"अगं एवढ्याशा तांदळाला कुकर लावायचा? पाहुणा आला तर?"

"आई, पाहुणा आला तर परत लावू, पंधरा मिनिटं लागतात."

"लोक काय म्हणतील, घरात मोजून भात करतात."

यावर काही बोलण्यात अर्थ नव्हता. पण रात्री चौघांना दीड वाटी तांदूळ लागतो हे आठवडाभर बघितलं आणि मग तांदळाच्या डब्यात तीच वाटी ठेवून दिली, आता त्यासुद्धा तीच वापरतात, फक्त वर एक मूठ "पानात पडायला" म्हणून टाकतात. टाकू देत. आमटी उरली तर सकाळी थालीपिठाच्या भाजणीत जाते, पोळी उरली तर कुस्करा, पण तो सगळ्यांच्या नाष्ट्याला, एकट्या माझ्या पोटात नाही.

तेलाचं सांगते, कारण इथे मला खरंच धक्का बसला. आमच्याकडे महिन्याला पाच लिटरचा कॅन यायचा आणि वाण्याकडची पुढची यादी करेपर्यंत संपायचा. चार माणसं. पाच लिटर तेल म्हणजे साडेचार किलोच्या वर, भागिले चार, भागिले तीस, म्हणजे माणशी रोजचं ३८ ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये नवीन मार्गदर्शक सूचना काढल्या त्यात २००० कॅलरीच्या दिवसाला तेल-तूप सगळं मिळून २७ ग्रॅम सांगितलंय. ११ ग्रॅम जास्त, ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणजे रोजच्या शंभरेक कॅलरी, त्याही कोणाच्या जिभेला न कळता. आणि बाहेरचं खाल्लेलं यात धरलेलंच नाही. पुढे २०२५ मध्ये पंतप्रधानांनी "मन की बात"मध्ये १० टक्के तेल कमी करा म्हटलं तेव्हा आमच्याकडे सासूबाई मला ऐकवत होत्या, "बघ, ते पण सांगतायत." जसं काय मी इतके दिवस कीर्तन करत होते!

आता तेल कमी कसं केलं तर फोडणी तशीच ठेवली. फोडणी नाही तर ते मराठी जेवणच नाही, ते बिनतेलाचं उकडलेलं काही आमच्याकडे दोन दिवस चाललं नसतं. फक्त तेलाच्या बरणीतून धार सोडायची बंद झाली. आधी कसं, बरणी तिरकी केली आणि कढईचा तळ दिसेनासा झाला की थांबायचं. आता बरणीत एक छोटा चमचा कायमचा ठेवलाय, भाजीला तीन चमचे, आमटीला एक, बास. मोहरी तडतडायला तेल जास्त लागत नाही, तापलेलं लागतं, आणि छोटी लोखंडी कढली घेतली तर दोन चमच्यांत मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता सगळं मस्त तडतडतं. भाजी झाकण ठेवून त्यावर पाणी घालून शिजवायची, आपल्या आज्या तशाच करायच्या. वांग्याचं भरीत आणि भरली वांगी मात्र यात बसत नाहीत, ती होतात तेव्हा होतात. पाच लिटरचा कॅन आता दीड महिना पुरतो.

पोळी आम्ही घडीची करतो आणि करत राहणार, ज्वारी बाजरीची भाकरी आठवड्यातून दोन-तीन रात्री, तीसुद्धा मिलेट मिलेट म्हणून नाही तर मला ती आवडते म्हणून. भाकरीने वजन कमी होतं वगैरे काही नसतं, पिठाच्या कॅलरी साधारण सारख्याच, पण भाकरीला तेल लागत नाही, आणि दोन भाकऱ्या खाल्ल्या की तिसरी जात नाही, चार पोळ्या मात्र गप्पांच्या नादात सहज जातात. खरा फरक ताटातल्या प्रमाणात आहे. आपल्या पारंपरिक पानाकडे बघा, डावीकडे चटणी, कोशिंबीर, लिंबू, उजवीकडे भाजी, आमटी, मधे भात. मांडणी अगदी उत्तम, सगळं आहे त्यात. पण कोशिंबीर किती? एक चमचा! दाखवण्यापुरती. आणि भात डोंगरभर. त्याच पोषण संस्थेच्या सूचनांत म्हटलंय की धान्यातून ४५ टक्क्यांपेक्षा जास्त ऊर्जा येऊ नये आणि आपल्याकडे ती ५० ते ७० टक्के येते. भाज्या सांगितल्यात दिवसाला ४०० ग्रॅम, आमच्या घरात तेव्हा चौघांना मिळून एका वेळेला अर्धा किलो भाजी आणायचे. म्हणून आम्ही पान तेच ठेवलं, फक्त डावी बाजू वाढवली. कोशिंबीर वाटीभर, आणि ती आधी वाढायची, पोळ्या होईस्तोवर. भुकेलेल्या माणसासमोर फक्त काकडी-टोमॅटो ठेवलं तर तो तेच खातो, माझा तेरा वर्षांचा मुलगासुद्धा खातो, जो भाजी म्हटलं की तोंड फिरवतो.

दाण्याचं कूट हा आपला अजून एक छुपा रुस्तम. कोशिंबिरीत, भाजीत, खिचडीत, आमटीत, सगळीकडे. दाणे चांगलेच आहेत, पण १०० ग्रॅमला साडेपाचशेच्या वर कॅलरी, मूठभर कूट म्हणजे एक पोळी झाली. कमी करते, सोडत नाही.

चहाबद्दल थोडक्यात, मी दिवसात चार कप घेते आणि चारच घेणार, साखर दोन चमच्यांवरून दीड, मग एक, मग अर्धा असं करत आले, दोन-दोन महिने लावून. आधी नुसत्या चहातून तीस-चाळीस ग्रॅम साखर जात होती, मर्यादा २५ ची. आता दुसऱ्याच्या घरचा चहा मला पाक वाटतो. आणि २१ दिवसांत सवय लागते असं जे फॉरवर्ड येतं ना ते सोडून द्या, लंडनमध्ये यावर अभ्यास झालाय, त्यात एखादी साधी गोष्ट आपोआप व्हायला लागायला सरासरी ६६ दिवस लागले, आणि कोणाला १८ तर कोणाला त्यांच्या अंदाजाने २५४. तेव्हा तीन आठवड्यांत जमलं नाही म्हणून खट्टू होऊ नका.

उपासाचं बोलायलाच हवं. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण आपल्याच लोकांनी केलीये, उगीच नाही. साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च, त्यात प्रोटीन नावालासुद्धा नाही, वर बटाटा, वर कूट, वर तूप, आणि "आज उपास आहे ना" म्हणून दोन वाट्या, मग संध्याकाळी बटाट्याचा चिवडा, मग रात्री सोडताना गोड. सासूबाईंचे सोमवार, चतुर्थी, एकादशी सगळं असतं आणि त्यांना शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. त्यांना उपास सोडा म्हणायची माझी प्राज्ञा नाही आणि इच्छाही नाही, पण डॉक्टरांना विचारून गोळ्यांच्या वेळा बसवून घेतल्या, आणि खिचडीच्या जागी भगर, तीही एक वाटी, दाण्याच्या आमटीऐवजी दह्यात कालवलेली काकडी, आणि ताक. साबुदाणा महिन्यातून एकदा, आषाढी-कार्तिकीला तर होणारच. ज्यांना इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी ते ५५ मिनिटवालं काय किंवा सोळा तासांचं फास्टिंग काय, मनाने अजिबात करू नये, शुगर एकदम खाली येते, ते दिसायला फार वाईट असतं.

सणवार. गणपतीत मी उकडीचे मोदक खाते, तूप घालून, दोन, कधी तीन. दिवाळीत फराळ खाते. फक्त फराळ दिवाळीपुरता. आधी आमच्याकडे चिवडा-शेव-शंकरपाळ्यांचे डबे तुळशीच्या लग्नापर्यंत पुरायचे आणि ते संपेपर्यंत येता जाता प्रत्येकाचा हात त्यात. आता निम्मं करतो आणि भाऊबीजेपर्यंत वाटून मोकळे होतो. जो डबा ओट्यावर आहे तो खाल्ला जातोच, यावर माझा आता पूर्ण विश्वास बसलाय. चिवडा मीच वरच्या फडताळात ठेवला, स्टूल घेऊन काढावा लागतो, आणि स्टूल आणायचा कंटाळा भुकेपेक्षा मोठा असतो. नवरा उंच आहे त्यामुळे त्याच्यावर हा उपाय चालत नाही.

आग्रहाला उपाय मात्र मला सापडलेला नाही. कोकणात मावशीकडे गेलं की "काय गं, जेवलीच नाहीस" म्हणत ताटात पोळी पडतेच. मी सावकाश जेवते आणि ताट रिकामं दिसू देत नाही, एवढंच.

काट्याचं म्हणाल तर शनिवारी सकाळी एकदा, चहाच्या आधी. सण झाला की दीड-दोन किलो वर दिसतं, त्यातलं बरंचसं मिठाचं आणि पाण्याचं, पंधरा दिवसांत उतरतं. पण काट्यापेक्षा मी टेपवर जास्त भरवसा ठेवते, आणि त्याचं कारण पुण्याचं आहे. केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं आणि त्यांचे लंडनचे सहकारी युडकिन यांचं एक प्रसिद्ध उदाहरण आहे, २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दोघांचा शेजारी शेजारी फोटो छापला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. म्हणजे आपण भारतीय माणसं दिसायला बारीक आणि आतून चरबी, म्हणूनच आपल्यासाठी बीएमआयची रेघ खाली ओढलीये, २३ च्या वर जास्त वजन आणि २५ च्या वर लठ्ठ. पाच फूट दोन इंच उंचीच्या बाईला ५७ किलोच्या वर गेलं की सुरुवात झाली. आणि कंबर बायकांची ८० सेंटिमीटर, पुरुषांची ९०. टेप घरात असतेच, शिवणाच्या डब्यात. आमच्या घरातला सगळ्यात सडपातळ माणूस म्हणजे माझा नवरा, हातपाय काड्या, त्याची कंबर मोजली तर ९६ निघाली! तेव्हापासून तो रात्री जेवल्यावर फडके रोडपर्यंत चालत जातो, तिथे ओळखीचे भेटतात, गप्पा होतात, अर्धा तास कसा जातो कळत नाही. अर्ध्या तासाच्या चालण्याने शंभर-सव्वाशे कॅलरी जळतात, फार नाही, पण त्या वेळात तो फ्रीजपाशी नसतो हा फायदा मोठा.

हल्ली वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांबद्दल पण सगळे विचारतात, २०२५ पासून आपल्याकडे ती मिळायला लागलीयेत. मला त्यात काही कमीपणा वाटत नाही, ज्यांना डॉक्टरांनी सांगितलंय त्यांनी जरूर घ्यावीत, शुगर असलेल्यांना तर त्याचा दुहेरी फायदा. फक्त एवढं माहीत असू द्या की त्यातल्याच सेमाग्लुटाइड नावाच्या औषधाच्या मोठ्या अभ्यासात औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनातलं दोन तृतीयांश परत आलं. म्हणजे घरातला चिवड्याचा डबा कुठे ठेवायचा हा प्रश्न इंजेक्शन घेऊनही राहतोच. थायरॉइड, पीसीओडी असेल तर आधी तपासण्या करा, कारण तिथे नुसतं खाणं बदलून पुरत नाही.

आता छोट्या डब्यात नक्की काय नेते, कारण हेच सगळ्या विचारतात. सोमवार-मंगळवार मटकी. रविवारी दुपारी भिजत घालायची, रात्री फडक्यात बांधायची, सोमवारी पहाटे पाहिलं तर नुकते कोंब असतात, मंगळवारी चांगले लांब. एक शिटी पण नाही, नुसती पाच मिनिटं उकळत्या पाण्यात मिठाशिवाय, म्हणजे दाणा अख्खा राहतो आणि चिकट होत नाही. पाणी काढून ते आमटीत टाकायचं. थंड झाली की कांदा, कोथिंबीर, हिरवी मिरची, काकडीच्या फोडी, लिंबाची फोड वेगळी. वरून अर्धा चमचा तेलात मोहरी-हिंगाची फोडणी दिली तर उत्तमच, घाईत नाही दिली तरी चालते. बुधवारी अंडी, गुरुवारी फुटाणे आणि पेरू किंवा जे काय फळ असेल ते, शुक्रवारी पुन्हा मूग किंवा घट्ट दही. मीठ मात्र घरून घालायचं नाही, पुडीत वेगळं न्यायचं आणि खाताना घालायचं, नाहीतर काकडीला पाणी सुटतं आणि साडेपाचपर्यंत डबा पर्समध्ये गळतो, तिकिटाचा पास भिजतो, आणि टीसीसमोर मटकीच्या वासाचा पास काढायची वेळ येते.